पेटीतला बचत गट आणि मुलींची शाळा : नियम कसे बांधावेत?

कोरडवाहू
बँक लांब आहे, अडीनडीला सावकाराशिवाय कोणी नाही. गावातल्या २२ बायका पेटीतली बचत सुरू करायला तयार झाल्या आहेत : दर बैठकीला शेअर, म्हणजे ठरलेल्या रकमेचा हिस्सा, पेटीत टाकायचा, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं आणि वर्षअखेर सगळं वाटून घ्यायचं. खरी काळजी मुलींची आहे. प्राथमिक शाळेपर्यंत मुली दिसतात. मग तंगीच्या एखाद्या महिन्यात मुलगी घरी राहते, ती परत शाळेत जात नाही. शेअर केवढ्याचा ठेवावा, कर्जाचे नियम काय असावेत, आणि मोठ्या मुलींना याच गटात घ्यावं की त्यांचा वेगळा गट करावा?

हिशोबनीस
२२ ही संख्या बरोबर आहे. २५ च्या वर गेलात तर बैठक लांबते आणि मोजणीकडे कोणाचं लक्ष राहत नाही. ही पद्धत १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात, मारादी भागात केअर या संस्थेने तिथल्या बायकांबरोबर बसवली. तिचा गाभा दोनच गोष्टींत आहे : पेटीत बाहेरचा पैसा येत नाही, आणि प्रत्येक व्यवहार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. एखादा नियम सैल करायचा झाला तर यातल्या कशाला धक्का लागतोय ते आधी बघा.

शेअरची किंमत ठरवताना सगळ्यात गरीब बाई सगळ्यात वाईट आठवड्यात काय देऊ शकेल ते धरा. एका बैठकीला प्रत्येकीने १ ते ५ शेअर घ्यायचे. किंमत चढी ठेवली की अशी बाई आधी गैरहजर राहते, मग दंड चढतो, मग ती गट सोडते. ज्यांच्यासाठी गट काढला त्याच बाहेर पडतात.

पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत, पेटी चौथ्या घरी. किल्लीवाल्या तिघी पदाधिकारी नसाव्यात. पैसे दोघींनी मोठ्याने मोजायचे. पासबुकात आकडे न लिहिता शेअरमागे एक शिक्का मारा, आणि जे शेअर घेतले नाहीत त्या चौकोनांवर तिथल्या तिथे फुली मारा. चौकोन रिकामे राहिले तर त्यात मागाहून शिक्का मारता येतो, आणि भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. पासबुकं पेटीतच राहतात. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगा; पुढच्या वेळी पैसे मोजण्याआधी तो आकडा सदस्यांकडून वदवून घ्या. लिहितावाचता न येणाऱ्या बाईच्या हातात हिशोब येतो तो यामुळेच.

कर्ज पहिले तीन महिने नको. नंतर दर चार आठवड्यांनी कर्ज द्यायचं, स्वतःच्या बचतीच्या जास्तीत जास्त तिप्पट, मुदत तीन महिने. व्याजाचा दर सदस्यांनीच ठरवायचा. आजारपण, मयत यांसाठी मदतनिधी वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यात सगळ्या सारखीच रक्कम टाकतात आणि वर्षअखेर ती शेअरच्या वाटपात धरत नाहीत.

वर्षअखेरच्या वाटपाचा हिशोब एकदा आकड्यांत बघा. शेअर १० चा. वर्षात मिळून २,६०० शेअर घेतले गेले, म्हणजे २६,००० जमा. व्याज आणि दंड ३,९००. एकूण २९,९००, भागिले २,६००, म्हणजे शेअरला ११.५०. जिचे १३० शेअर आहेत तिला १,४९५ मिळतात.

ओसरी
मुलींचा गट वेगळाच हवा. १० ते १४ वर्षांच्या आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींनाही एकत्र बसवू नका. थोरल्या बोलतात, धाकट्या ऐकत राहतात. आईच्याच गटात मुलगी बसली तर तिचं पासबुक म्हणजे आईचं दुसरं पासबुक होतं.

पण मुलींच्या हातात नुसती बचत दिली की झालं, असं समजू नका. युगांडाची राजधानी कंपाला इथे किशोरींच्या बचत कार्यक्रमाचा अभ्यास झाला होता (२०१४ मध्ये प्रसिद्ध). ज्या मुलींना फक्त बचत खातं मिळालं, त्यांच्या बाबतीत लैंगिक छळ वाढल्याचं त्यात दिसलं. ज्यांना बचतीबरोबर मैत्रिणींचा गट, मार्गदर्शक ताई आणि आरोग्याचं शिक्षणही मिळालं, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. मुलीकडे पैसा आहे हे कळलं की तो कोणीतरी मागतं किंवा हिसकावतं, आणि शेअर भरायचा ताण आला की ती तो कुठून तरी आणते. म्हणून मुलींच्या गटात बैठकीला एक-दोनच शेअर, न भरल्यास दंड नाही, धाकट्यांना कर्ज नाही, पेटी मार्गदर्शक ताईच्या जबाबदारीवर. एखादी अचानक जास्त भरू लागली तर ताईने तिला बाजूला घेऊन विचारावं. सगळ्यांसमोर अजिबात नको.

गट सुरू करण्याआधी मुलींकडूनच दिवसाचा तक्ता करून घ्या. जमिनीवर २४ खडे मांडायचे, एक खडा म्हणजे एक तास. पाणी, सरपण, भावंडं सांभाळणं, स्वयंपाक, शाळा, झोप. मुलग्यांचा तक्ता शेजारी मांडा आणि दोन्ही बघायला आई-बापांना बोलवा. शाळेच्या वाटेचा नकाशाही काढायला लावा. कुठे भीती वाटते ते त्याच दाखवतील. अंतर हेच कारण निघालं तर त्यावर वेगळा उपाय लागतो. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या खरोखर वाढली, शाळा लांब होती तिथे जास्त. शाळेत संडासाला कडी आणि आत पाणी आहे का, हेही बघा. पाळीच्या दिवसांतल्या गैरहजेरीचं तेही एक कारण असू शकतं.

कोरडवाहू
दोघांचेही आभार. काही जणींचं म्हणणं आहे की कर्ज फक्त शाळेच्या खर्चासाठीच द्यावं. मुलींचं लग्न लवकर करायचं नाही असा गावाचा ठरावही करायचा विचार आहे. हे टिकेल?

शिवार
'फक्त शाळेसाठी' हा नियम नको. लोक कारण शाळेचं सांगतील आणि पैसा दवाखान्यात जाईल. गट मात्र खोटं बोलायला शिकेल. त्यापेक्षा वर्षअखेरच्या वाटपाची तारीख शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन आठवड्यांवर आणा. वह्या, गणवेश, प्रवास यांचा खर्च तेव्हाच येतो, हातात रक्कमही तेव्हाच येते.

कर्जाची मुदतही कामाशी जुळली पाहिजे. शेळी पाच महिने गाभण असते. तीन महिन्यांच्या कर्जावर शेळी घेतली तर व्यायच्या आधीच ती विकून हप्ता फेडावा लागतो. पहिल्या वर्षी छोट्या खरेदी-विक्रीला कर्ज द्या. दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांची मुदत खुली करा.

आणि प्रत्येक कर्जाच्या वेळी गटाने एक प्रश्न विचारायचाच : या धंद्यात राबणार कोण? आई बाजाराला जाऊ लागली की लहानग्याला थोरली मुलगी सांभाळते. घरात चार पैसे जास्त येतात आणि मुलगी शाळेतून बाहेर पडते. बालवाडी नसेल तर गटातल्या दोन-तीन बायकांनी आळीपाळीने मुलं सांभाळायची सोय कर्ज देण्याआधी लावा.

ठरावाचं म्हणाल तर एकट्या गावाचा ठराव टिकत नाही, कारण सोयरीक बाहेरच्या गावांशी होते. सेनेगलमध्ये मालिकुंडा बांबारा या गावच्या बायकांनी १९९७ मध्ये मुलींची सुंता बंद करण्याची जाहीर घोषणा केली. त्यानंतर लक्षात आलं की ज्या गावांत लेकी दिल्या-घेतल्या जातात ती सगळी सोबत यायला हवीत, आणि पुढच्या घोषणा गावोगावी बोलणी करून एकत्र झाल्या. मागच्या दहा वर्षांत सुना कोणत्या गावांतून आल्या आणि लेकी कुठे गेल्या, याची यादी करा. ज्या चार-पाच गावांची नावं पुन्हा पुन्हा येतील, तिथल्या बायकांशी आधी बोला.

हिशोबनीस
वाटपाचं एक राहिलंच. त्याच्या महिनाभर आधी सगळी कर्जं परत आली पाहिजेत. जिचं थकेल तिच्या शेअरमधून वळतं करा. वाटपाचा दिवस गावभर सांगू नका. पेटी पूर्ण रिकामी करा आणि नवं वर्ष सगळ्या एकाच रकमेपासून सुरू करा, म्हणजे नवीन आलेलीला जुन्या हिशोबात अडकावं लागत नाही. पदाधिकाऱ्यांची निवडही तेव्हाच घ्या, चिठ्ठ्या टाकून.