लिथियम चालू असताना व्हिडिओवर तपासणी: तयारी काय करावी?

माणदेशी:
बायपोलर म्हणजे मन कधी फार उधाणतं, कधी फार ढासळतं अशा आजारासाठी लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या ६२ वर्षांच्या बाई दहिवडीजवळच्या गावात राहतात, डॉक्टर पुण्यात. आता एक आड एक तपासणी व्हिडिओवर करायची ठरली आहे. घर दोन खोल्यांचं, नेट बेभरवशाचं. रक्त कधी द्यायचं, कॉलच्या वेळी हाताशी काय ठेवायचं, आणि मोबाईलवर आलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये चालते का?

रानजाई:
आधी रक्ताचं बघा, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तात मोजतात. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची. गोळी घेऊन गेल्या तर आकडा फुगतो, त्यावरून डोस कमी होतो आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो. दुसरी चूक नळीची: रक्त गोठू नये म्हणून आत लिथियम हेपरिन लावलेल्या नळीत रक्त घेतलं तर त्या नळीतलंच लिथियम मोजणीत येतं. साध्या नळीत घ्या म्हणून सांगा. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची) त्याच वेळी करून घ्या आणि रिपोर्ट कॉलच्या दोन दिवस आधी पाठवा.

सांजवात:
फोन हातात धरू नका. टेबलावर पत्र्याच्या डब्याला टेकवून चारेक फूट लांब ठेवा, म्हणजे चेहऱ्याबरोबर हातही दिसतील. खिडकी समोर हवी. पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. डॉक्टर दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगतील, थोडं चालायलाही लावतील. थरथर आणि तोल त्यांना एवढ्यावरूनच जोखायचा असतो.

वजन आणि बीपी त्याच सकाळी लिहून ठेवा. गोळ्यांची पाकिटं उलटी करून मिलिग्रॅमचा आकडा दाखवा. लिथियम ३०० आणि ४०० दोन्ही मिळतं, तोंडी सांगताना गफलत होते. झोपेचे तास रोज कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात टिपा. झोप कमी होऊनही थकवा नसेल तर तेवढं आवर्जून सांगा.

आणि पहिली दहा मिनिटं त्यांना एकटीला बोलू द्या. इअरफोन लावले तरी त्यांची उत्तरं बाहेर ऐकू येतातच. घरातल्यांनी तेवढा वेळ अंगणात बसावं.

कडूनिंब:
चिठ्ठी चालते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन पाठवता येतो. तीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव, वय आणि तारीख आहे ना, ते कॉल संपायच्या आधी बघून घ्या. व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत अशा औषधांच्या यादीत लिथियम नाही. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी मात्र व्हिडिओवर लिहून मिळत नाही, ती हवी असेल तर पुण्याला जावंच लागेल.

माणदेशी:
मध्येच गुडघे दुखले तर आयब्युप्रोफेन चालेल?

रानजाई:
नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने लिथियम रक्तात साठतं. पॅरासिटामॉल चालतं. जुलाब, उलट्या किंवा उन्हाने पाणी कमी पडलं तरी पातळी चढते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि १०८ बोलवून सरळ रुग्णालय गाठा, व्हिडिओची वाट बघू नका. रात्री-अपरात्री मन फार ढासळलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.