चालू सिम्युलेशनचा कार्यभार आपोआप हलवावा काय?

समांतर (धागा सुरू करणारा)

हजारो प्रोसेसरांवर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये कामाची वाटणी सुरुवातीलाच कायम करून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी, असे माझे मत आहे. हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीचे तुकडे सारख्या आकाराचे पाडले, तरी त्यांवरचे काम सारखे नसते. सूर्यप्रकाशाचे गणित फक्त उजेडाच्या बाजूला करावे लागते आणि जिथे ढग जोरात वाढत असतात तिथे आकडेमोडही वाढते. प्रत्येक कालपावलाच्या, म्हणजे मॉडेलमधली वेळ पुढे सरकवण्याच्या एका टप्प्याच्या, शेवटी शेजारच्या तुकड्यांना सीमेवरची माहिती एकमेकांना द्यावी लागते, त्यामुळे सर्वांत मागे राहिलेला प्रोसेसर सगळ्यांचा वेग ठरवतो आणि बाकीचे नुसतीच वीज खात थांबतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘चार्म प्लस प्लस’ या समांतर प्रोग्रॅमिंगच्या प्रणालीने यावर उपाय दाखवला आहे. प्रोसेसरांपेक्षा कितीतरी अधिक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला लागलेला वेळ मोजायचा आणि जड तुकडे मोकळ्या प्रोसेसरांकडे हलवायचे. याच पायावर उभ्या असलेल्या ‘नॅमडी’ या रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या प्रोग्रॅमने एचआयव्हीच्या कवचाचे सुमारे 6.4 कोटी अणूंचे सिम्युलेशन केले, आणि ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

मोसमी

अणूंच्या बाबतीत हे पटते, कारण आज जो भाग जड आहे तो थोड्या वेळानेही जडच असतो. पावसाचे तसे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील 11.77 पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी) ‘अर्क’ असो वा दुसरा कोणताही महासंगणक, दैनंदिन अंदाजाला ठरलेली वेळ पाळावी लागते. तिथे सरासरी वेगापेक्षा काम किती वाजता संपेल याची खात्री मोलाची असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. संगणकावर अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात आणि वातावरणासारख्या प्रणालीत तो फरक वाढत जातो. तुकडे दर वेळी वेगळ्या ठिकाणी गेले तर तोच प्रयोग पुन्हा करून तेच उत्तर मिळेल याची हमी राहत नाही. मग उत्तरातला बदल चुकीच्या कोडमुळे आला की बेरजेच्या क्रमामुळे, हे शोधायचे कसे? शिवाय दिवस-रात्रीची विषमता आधीच ठाऊक असते. अमेरिकेच्या ‘कॅम’ या वातावरण मॉडेलमध्ये उजेडातले आणि अंधारातले हवेचे उभे स्तंभ जोडीने एकाच प्रोसेसरला देण्याची सोय आहे आणि तिला सिम्युलेशन चालू असतानाची कोणतीही मोजणी लागत नाही.

समांतर

बेरजेचा क्रम निकालावर परिणाम करणार नाही अशा पद्धती उपलब्ध आहेत. त्या थोड्या महाग पडतात, इतकेच. ढगांविषयी म्हणाल तर कालपाऊल काही मिनिटांचे किंवा त्याहून लहान असते, आणि गडगडाटी ढग तासभर टिकला तरी तेवढ्यात कितीतरी पावले होतात. मागच्या पावलाची मोजणी पुढच्या पावलाला निरुपयोगी ठरावी इतका तो चंचल नाही. दिवस-रात्रीची जोडी लावून सूर्याचा प्रश्न सुटतो, पण वादळ कुठे उठेल हे कोणत्या जोडीत बसवणार?

रांगेतला

तुम्ही दोघेही जॉबच्या, म्हणजे महासंगणकाला दिलेल्या एका कामाच्या, आत पाहत आहात. माझ्या मते मोठी नासाडी जॉब आपल्या पाळीची वाट पाहतात त्या रांगेत होते. सांगितलेली वेळ संपली की स्लर्मसारखा शेड्युलर (जॉबना पाळी लावणारा प्रोग्रॅम) जॉब बंद करतो, म्हणून प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त वेळ मागतो. मधल्या रिकाम्या जागेत लहान जॉब सरकवण्याची युक्ती अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेत 1995 च्या सुमारास रूढ झाली खरी, पण तीही या फुगवलेल्या आकड्यांवरच चालते. खरी लवचीकता म्हणजे चालू जॉबने नोड (महासंगणकातले एकेक संगणक) परत करणे किंवा वाढवून घेणे. चालू प्रोग्रॅममध्ये प्रक्रिया वाढवण्याची सोय एमपीआयच्या (प्रोसेसरांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या मानकाच्या) 1997 च्या आवृत्तीतच होती, तरी ती फार थोड्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाते. आपण सोडलेले नोड पुन्हा लगेच मिळण्याची खात्री नसेल, तर ते सोडणार कोण?

समांतर

फोल्डिंग ॲट होम या प्रथिनांच्या सिम्युलेशनच्या प्रकल्पात लोकांचे घरचे संगणक मनाला येईल तेव्हा येतात-जातात, आणि तरीही 2020 मध्ये त्या जाळ्याने एक्साफ्लॉपची, म्हणजे हजार पेटाफ्लॉप्सची, पातळी ओलांडली.

मोसमी

तिथली कामे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एक घरगुती संगणक बंद पडला तर त्याचे काम मुदतीनंतर दुसऱ्याला देता येते. आमच्याकडे एका तुकड्याचे उत्तर आल्याशिवाय शेजारचा तुकडा पुढे सरकत नाही. समतोल साधल्याने सरासरी किती वेळ वाचला याचे आलेख पुष्कळ दाखवले जातात. सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे चक्रीवादळ किनाऱ्याजवळ असताना, अंदाज किती उशिरा संपला याचा आलेख दाखवा. माझा आक्षेप त्यावर अवलंबून आहे.