मदत हवी आहे: गोसेखुर्दच्या पाण्यात शिडाची छोटी डिंगी, काठापासून दूर जाताना काय सांभाळायचं?

नमस्कार मंडळी,

मी कुही तालुक्यातला, गोसेखुर्दच्या पुनर्वसित गावातला. आम्ही ढिवर. बाबा आजही डोंगा घेऊन जाळं टाकायला जातात. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि आता त्याच पाण्यावर आमचं पोट आहे.

नागपुरात कॉलेजला असताना मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो. तिथे निळ्या शिडाच्या एंटरप्राईज बोटीवर शीड धरायला शिकलो. मागच्या वर्षी ओळखीतून एक जुनी फायबरची डिंगी मिळाली. बारा फुटी, एक शीड, मधून पाण्यात उतरवायची फळी, मागे सुकाणू. गावातल्या पोरांना शिकवावं असं मनात आहे. पाणी दाराशी आहे, पोहता सगळ्यांना येतं, पण शीड कुणी पाहिलेलं नाही.

आता जे घडलं ते सांगतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. दहावीतल्या भाच्याला घेऊन निघालो. काठावर वारा जेमतेम होता, पळसाची पानंसुद्धा नीट हलत नव्हती. आमचा काठ जलाशयाच्या पश्चिमेला आणि वाराही पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. डिंगी अलगद निघाली. बोलता बोलता दीड किलोमीटर आत गेलो असू. परत फिरवली आणि तोच वारा अंगावर आला. लाटा उसळून आत पडायला लागल्या, शिडाचा खालचा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला गेला आणि डिंगी आडवी झाली.

भाच्याच्या अंगात लाईफ जॅकेट होतं, पण ढिलं. पाण्यात पडल्याबरोबर ते वर सरकलं आणि त्याची हनुवटी आत बुडाली. दोन्ही हातांनी तो ते खाली ओढत होता, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माझं जॅकेट बाकाखाली होतं. गरम होतं म्हणून काढून ठेवलं होतं. डिंगी दोनदा सरळ केली, दोनदा परत पालथी झाली, कारण हवेच्या टाकीचं बूच सैल होतं आणि टाकीत पाणी शिरलं होतं.

बाबा काठावर जाळं विणत बसले होते. पांढरं शीड दिसेना झालं तसे दोन डोंगे घेऊन निघाले. पोचायला चाळीस मिनिटं लागली. रागावले नाहीत. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "मले सांगून जात जा. कुठं जातं अन् किती वाजता येतं, एवढं."

तेव्हापासून डिंगी काठावर पालथी आहे. भाचा रोज विचारतो. मला थांबायचं नाही, पण पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. आपल्याकडे समुद्रासारखं कोस्ट गार्ड नाही, हाक मारली तर येणारे फक्त आपलेच डोंगेवाले. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडे मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. त्या बातम्या वाचून माझी आई पाण्याकडे पाहायलाही तयार नाही.

जाणकारांनी सांगावं. काठावर बसून आतल्या वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा? किती आत जाणं ठीक? एकट्याने डिंगी सरळ कशी करायची? आणि पाण्याखाली जुनी झाडं आणि घरांच्या भिंती आहेत, त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद: अलिबागकर

भाऊ, दोघंही वाचलात हे सगळ्यात मोठं. तुम्ही लपवाछपवी न करता लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

तुम्हाला फसवलं ते काठाच्या आडोशाने. जमिनीकडून पाण्याकडे वारा असला की काठावर झाडं आणि उंचवटा वारा अडवतात. पाणीही गुळगुळीत दिसतं, कारण लाटा उठायला मोकळं अंतर लागतं. जसजसं आत जाल तसतसा वारा आणि लाटा दोन्ही वाढतात. त्यात पाठीमागचा वारा अंगाला कमीच लागतो. समजा खरा वारा ताशी २० किलोमीटरचा आणि डिंगी ८ ने चालली आहे. अंगाला लागेल १२ चाच. फिरून वाऱ्याकडे तोंड केलंत की तोच चोवीसच्या आसपास लागतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. दीड किलोमीटर आत गेल्यावर हे कळून उपयोग नाही.

म्हणून निघाल्याबरोबर, शंभर मीटरवरच, एकदा फिरवून काठाकडे येऊन पाहा. येता आलं तरच पुढे. आमच्याकडे शिकवताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायला लावतात, म्हणजे दमल्यावर परतीला वारा ढकलत आणतो. तुमच्या काठावरून पश्चिमेच्या वाऱ्यात ते जमणार नाही. मग काठाला समांतर चालवा, आत जाऊ नका.

आत नजर टाका. पाण्यावर काळपट डाग सरकत येताना दिसला की तो वाऱ्याचा झोत असतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस जागोजागी दिसू लागला तर वारा ताशी २० च्या पुढे गेला असं धरा. नवख्या पोरांना घेऊन त्या दिवशी निघू नका. शीड लहान करायचं असेल, म्हणजे खालचा भाग गुंडाळून बांधायचा असेल, तर काठावरच करा, आत जाऊन ते काम होत नाही. आणि शिडाचा दोर कधीही बांधून ठेवायचा नाही, हातातच. झोत आला की सोडून द्यायचा, शीड फडफडेल, डिंगी उभी राहील.

किती आत? काठापासून नका मोजू, तुमच्याकडे येणाऱ्या डोंग्यापासून मोजा. वल्ह्यावरचा डोंगा लाटांत ताशी तीन-चार किलोमीटर येतो. दीड किलोमीटरला अर्धा तास त्यात जातो, वर लक्षात यायला आणि डोंगा सोडायला लागणारा वेळ.

प्रतिसाद: नौदलातून निवृत्त, सध्या मुक्काम नागपूर

आधी जॅकेट. घातल्यावर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर उचलून पाहायचं. कानापर्यंत सरकलं तर ते जॅकेट त्या अंगाचं नाही. मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. फोमचं घ्या, तोंडाने फुगवायचं नको. आणि तुमचं जॅकेट बाकाखाली होतं हे मला फार लागलं. तुम्ही बेशुद्ध झाला असतात तर त्या पोराने काय केलं असतं?

उलटल्यावरचा क्रम पाठ करून ठेवा. आधी डोकी मोजा, हाक द्या. मग डिंगीला धरून राहा. काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. पाण्याच्या पातळीवरून अंतर कमी वाटतं, आणि पोहणाऱ्याचं डोकं लाटांत कुणाला दिसत नाही, पालथी डिंगी दिसते. शिडाचा दोर मोकळा करा. एकाने तळाच्या बाजूला जाऊन मधल्या फळीवर, बुडाला अगदी चिकटून, उभं राहायचं. टोकावर उभे राहाल तर फळी मोडेल. कडेला बांधलेला दोर धरून अंग मागे झोकायचं, सरळ होते. दुसऱ्याने आतल्या बाजूला बाक धरून आडवं तरंगत राहायचं, डिंगी सरळ होताना तो आपोआप आत येतो. एकटे असाल तर मागच्या बाजूने चढा, कडेवरून चढलात तर परत उलटेल. त्यासाठी मागे एक दोराचा फास बांधून ठेवा, पाय ठेवायला.

पूर्ण पालथी होऊ नये म्हणून डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, बूच घट्ट लावून, बांधा. दिसायला बरा दिसत नाही, पण काठी पाण्यावर आडवी तरंगते. तुमच्या पाण्यात खाली गाळ आणि खोडं आहेत, काठी त्यात रुतली तर सरळ करणं दोघांच्याही ताकदीबाहेरचं.

टाक्यांची बुचं निघण्याआधी स्वतःच्या हाताने आवळा, परत आल्यावर उघडून किती पाणी निघतं ते बघा. पाणी उपसायचं भांडं दोराने बांधलेलं असू द्या. शिट्टी जॅकेटला, फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर. पुढच्या टोकाला दहा मीटरचा दोर, म्हणजे डोंगा ओढून नेऊ शकेल. धरणाची भिंत आणि ३३ दरवाजे आहेत त्या भागात फिरकायचंच नाही, आणि पाटबंधारे विभागाची परवानगी घेऊनच काय ते करा.

प्रतिसाद: भंडाऱ्याहून

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारनंतर वीज कशी पडते ते सांगायला नको. मोकळ्या पाण्यावर तुमची डोलकाठीच सगळ्यात उंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घ्या, आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरमधली वीज दाखवतं. नागपूर वेधशाळेचा यलो अलर्ट असेल तर डिंगी बाहेर काढू नका. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब काठ गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नको. पाऊस यायच्या आधी गार झोत येतो तो कुठल्याही दिशेने येतो, त्याच्यावर विश्वास नाही.

प्रतिसाद: गडचिरोली जिल्ह्यातली नर्स

दादा, एक गोष्ट काठावरच्या सगळ्यांना शिकवा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे उलटं टांगतात, पोट दाबतात, खांद्यावर टाकून गरगर फिरवतात. यातलं काहीच करायचं नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत शिरतं. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, मान मागे करा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. आधी श्वास, मग छातीवर दाब, ३० दाबांना २ श्वास. तेवढ्यात दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. श्वासाचा त्रास नंतर काही तासांनीही सुरू होतो. मी असं घरी पाठवलेलं लेकरू रात्री परत आणलेलं पाहिलं आहे.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नर्सताईंचं उत्तर मी समाजमंदिरात मोठ्याने वाचून दाखवलं. दोन म्हाताऱ्यांनी मान्य केलं नाही, बाकीच्यांनी केलं. आता पोरं एकमेकांना झोपवून सराव करतात.

छातीभर पाण्यात मुद्दाम डिंगी उलटवली. पहिल्याच वेळी डोलकाठी चिखलात गेली आणि चौघांनी ओढली तेव्हा निघाली. नौदलातल्या काकांनी लिहिलं तेच. मग तेलाचा कॅन बांधला आणि खोल पाण्यात, बाजूला बाबांचा डोंगा उभा करून, परत उलटवली. काठी तरंगत राहिली. मी फळीवर उभा राहिलो, भाचा आत आडवा, डिंगी सरळ झाली तेव्हा तो बाकाला धरून आत पडलेला होता. सहा वेळा केलं. शेवटच्या दोन वेळा त्याने फळीवर उभं राहून मला आत घेतलं. त्याच्यासाठी मांडीच्या पट्ट्याचं नवीन जॅकेट नागपुरातून आणलं.

पाण्याखालच्या झाडांचं उत्तर घरातच होतं. बाबांना विचारलं तर त्यांनी वहीचं पान मागितलं आणि गाव काढलं. इथे देवीचं देऊळ, इथे विहीर, इथे मोहाची सात झाडं, इथे विजेचे खांब, इथे आमचं घर. दोन खुणा काठावरच्या, म्हणजे टेकडी आणि टॉवर, धरून कुठलं ठिकाण कुठे येतं ते सांगितलं. जलाशयाची पूर्ण पातळी २४५.५० मीटर, तेव्हा मोहावरून डिंगी जाते. पाणी उतरलं की मधली फळी त्या खोडांना लागते, तिकडे जायचं नाही. मला ते गाव अर्धवटच आठवत होतं. ते पान आता लॅमिनेट करून डिंगीत ठेवलं आहे.

निघताना बाबांना सांगतो, परतीची वेळ सांगतो. त्या वेळेच्या दहा मिनिटं पुढे गेलं की ते डोंगा सोडणार, असं ठरलं आहे. अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जात नाही. पाटबंधारे विभागात अर्ज दिला आहे.

एक अडलं आहे. आमच्या शिडाला लहान करायची सोयच नाही. तालुक्याला ताडपत्री शिवणारे आहेत, ते पट्टी लावून कड्या बसवून द्यायला तयार आहेत. खालून किती उंचीवर लावू?

प्रतिसाद: अलिबागकर

काठीच्या बाजूने शिडाची जी उंची, तिच्या साधारण पाचव्या भागावर. पंधरा फूट असेल तर तीन फुटांवर. दोन टोकांच्या कड्यांवर सगळा ताण येतो, तिथे कापड चार पदरी घ्यायला सांगा. मधल्या कड्या फक्त सैल कापड बांधायला, त्या ओढून बांधल्या तर शीड तिथेच फाटतं. शिवताना स्वतः समोर बसा.