मदत हवी आहे : न्यू जर्सीची २०२१ची गव्हर्नर निवडणूक

एडिसन-इसेलिनकडच्या मंडळींनो, या निवडणुकीवर लिहितेय, मदत करा. डेमोक्रॅट गव्हर्नर फिल मर्फी जेमतेम ३ टक्क्यांनी पुन्हा निवडून आले. वर्षभरापूर्वी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या बायडन यांना इथेच जवळपास १६ टक्क्यांची आघाडी होती! १९७७नंतर प्रथमच डेमोक्रॅट गव्हर्नरला दुसरी संधी मिळाली, पण एवढी मतं गेली कुठे? रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटारेली मालमत्ता करावर बोलत राहिले, आणि तो मुद्दा मला खरा वाटतो. मतदान २ नोव्हेंबरला, कराचा हप्ता १ तारखेला. आमच्या फ्रिजवर ते बिल चिकटवलेलं, आई येताजाता त्याकडे बघायची. तुमच्या घरी तेव्हा काय बोलणं झालं? शाळेतल्या मास्कवरून कुणी मत बदललं का? जुनी प्रचारपत्रकं असतील तर फोटो नक्की पाठवा.