जुनी धुतलेली फिल्म आणि नवा डिजिटल एक्स-रे : फरक आजाराचा की यंत्राचा?

वाघोटनकाठ (प्रश्न)
माझे वडील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणीवर वीसेक वर्षे कामाला होते. काम सोडून आता बारा वर्षे झाली. काम सोडताना काढलेला त्यांच्या छातीचा एक्स-रे डार्करूममध्ये धुतलेल्या मोठ्या फिल्मवर आहे. ती आम्ही ट्रंकेत जपून ठेवली, तरी इतक्या पावसाळ्यांच्या दमटपणाने एका कडेला बुरशीचे डाग पडलेच. गेल्या महिन्यात खोकला हटेना म्हणून डिजिटल एक्स-रे काढला आणि त्याच्या अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके’ असे आले. जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, तर आम्हाला तसे काहीच दिसत नाही. या काळात आजार वाढला असे समजावे, की नवे यंत्रच अधिक दाखवते?

क्ष-किरण तंत्रज्ञ, रत्नागिरी
मी दोन्ही पद्धतींवर काम केले आहे, म्हणून आधी यंत्राच्या बाजूचे सांगतो. फिल्मवर चित्र एकदाच ठरते. किरण जास्त पडले तर फुप्फुसे काळी होऊन बारीक ठिपके त्या काळ्यात बुडतात, आणि कमी पडले तर सगळे पांढुरके होऊन नसलेल्या रेषाही उठून दिसतात. त्यावर डेव्हलपर (फिल्म धुण्याचे रसायन) जुना झालेला असणे, पाण्याचे तापमान, घाईत धुणे हे सगळे वेगळेच. डिजिटलमध्ये मात्र किरण कमी-जास्त पडले तरी संगणक उजेड जुळवून घेतो, त्यामुळे चित्र नेहमी ‘छान’ दिसते, आणि फसगत होते ती नेमकी इथेच. किरण कमी पडल्यास चित्रात रवाळपणा येतो, आणि कडा ठळक करणारी प्रक्रिया अति केली तर साध्या रक्तवाहिन्याही जाळीसारख्या किंवा ठिपक्यांसारख्या भासू शकतात. अर्थात तुमच्या वडिलांच्या बाबतीत तसेच झाले आहे, असे मी म्हणत नाही.

फिल्ममध्ये बारकावे अधिक असतात, असे जुने लोक सांगतात आणि किती बारीक रेषा वेगवेगळ्या दिसतात एवढेच मोजण्यापुरते ते खरेही आहे. परंतु सिलिकोसिसमधले, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारातले, सर्वांत लहान समजले जाणारे ठिपके सुमारे दीड मिलिमीटरपर्यंतचे असतात, आणि डिजिटल चित्राचा एक बिंदू ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एवढ्या ठिपक्यात कितीतरी बिंदू मावतात. खरा तोटा होतो तो छपाईत. १४ बाय १७ इंचांची छाती ८ बाय १० इंचांच्या फिल्मवर छापली की तो दीड मिलिमीटरचा ठिपका एक मिलिमीटरच्याही आत येतो. म्हणून छापील प्रतीवर थांबू नका, मूळ डायकॉम फाइल (यंत्रातले मूळ डिजिटल चित्र) सीडीवर मागून घ्या.

छातीविकार डॉक्टर, चिपळूण
वरील मांडणी योग्य आहे. त्यात एक भर घालतो. धुळीच्या आजारांचे एक्स-रे वाचताना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नमुना चित्रांशी तुलना करून ठिपक्यांची दाटी ० ते ३ अशा श्रेणीत नोंदवतात. ही पद्धत फिल्मसाठी घडली होती आणि २०११ च्या आवृत्तीत ती डिजिटल चित्रांनाही लागू झाली. त्यामुळे फिल्म फिल्मच्या नमुन्याशी आणि डिजिटल चित्र डिजिटल नमुन्याशी ताडून, दोन्ही श्रेणी एकाच जाणकाराने ठरवल्या, तर तुलना बऱ्यापैकी विश्वासार्ह होते. नुसती दोन चित्रे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. आणि खिडकीचा उजेड म्हणजे व्ह्यू बॉक्स (फिल्म पाहण्यासाठीची मागून सारखा उजेड देणारी पेटी) नव्हे.

सिलिकोसिस हा धुळीपासून दूर गेल्यावरही वाढू शकणारा आजार आहे, त्यामुळे ‘काम सोडून बारा वर्षे झाली’ हे आजार नसल्याचे कारण ठरत नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग होण्याची शक्यता अधिक असते. खोकला हटत नसेल तर एक्स-रेचा वाद मिटण्याची वाट न पाहता थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

वाघोटनकाठ
आपले आभार. सीडी मिळते आहे. जुन्या फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला तर चालेल का?

छातीविकार डॉक्टर, चिपळूण
नाही. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच उजेड आणि कडा बदलतो, आणि मग आपण फिल्म नव्हे तर फोटो वाचत बसतो. मूळ फिल्मच घेऊन जा. बुरशी घरी पुसू नका, कारण ओलसर फडक्याने वरचा थर निघून येतो आणि मग त्या जागेचे काहीच वाचता येत नाही. खाणीवरील कामाची वर्षे आणि कामाचे स्वरूप एका कागदावर लिहून सोबत ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.