२०१० ची छोटी पेट्रोल गाडी: जाममध्ये तापमानाचा काटा चढतो, तीन जणांची तीन मतं

नवघर_रोड
नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची, चार सिलिंडर, ८४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिल्या दहा उत्तरांत कुणाची कंपनी चांगली यावरच जुंपेल. पंधरा वर्षं झाल्यावर वडाळा आरटीओला पासिंग करून घेतलंय. पाच हजार फी, वर ग्रीन टॅक्स. त्यामुळे आता लगेच विकायची नाही.

मुलुंड ते बीकेसी रोजचा रस्ता. हायवेला गाडी पळत असते तोवर काटा बरोब्बर मध्ये. अमर महलला रांग लागली की चढायला लागतो, तीन चतुर्थांशापर्यंत जातो, एसी गरम हवा फेकतो. रांग सुटून जरा वारा लागला की काटा परत खाली. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत नाही, खाली थेंब पडत नाही.

एक मेकॅनिक म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधली पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, अठरा हजार. दुसरा म्हणतो रेडिएटरच बदला. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका पूर्वी टॅक्सी चालवायचे, ते म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून दे, आम्ही सगळे तेच करायचो. मी कुणाचं ऐकू?

शिवाय पेव्हर ब्लॉकवरून जाताना पुढून डावीकडे खडखड, आणि पाऊस असला की सकाळी पहिली काही मिनिटं गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते. पण आधी काट्याचं बघू.

कोपरी_पूल
भंगारात द्या ताई, इलेक्ट्रिक घ्या. पंधरा वर्षांच्या गाडीत घातलेला पैसा परत येत नाही.

जुना_ऑइल
ताई, अठरा हजार खिशातच ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे. काटा *कधी* चढतो ते बघायचं असतं, किती चढतो ते नंतर. पळताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. तुमची गाडी पळताना गार आणि थांबल्यावर गरम, वर एसीही त्याच वेळी दम तोडतो. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही तोच वारा लागतो. दोन्ही एकदम आजारी पडले तर मी पहिल्यांदा पंख्याकडे बघतो. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा वॉटर पंप गेला असता तर उलटं झालं असतं, भरधाव जाताना किंवा घाट चढताना काटा वर गेला असता.

हेड गॅस्केट गेलं असेल तर इतर खुणा दिसतात. कूलंट कुठेही न गळता कमी होतं, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि गाडी गरम झाली तरी थांबत नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली की पुष्कळ मेकॅनिक लगेच हेड उतरवायला निघतात. पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरवली तर ओलाव्याने थोडी साय चांगल्या इंजिनातही धरते. नुसत्या झाकणावरून हेड खोलायला कुणालाच देऊ नका. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ती तपासणी) करून आकडे दाखव म्हणावं.

आता तुमच्या टॅक्सीवाल्या काकांचं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांचा जमाना वेगळा. त्यांच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा पंखा बेल्टवर, इंजिनच्या जोरावर फिरायचा. म्हणून ते लोक सिग्नलला रेस देत बसायचे, रेस दिली की पंखाही जोरात. तुमचा पंखा बॅटरीच्या करंटवर चालतो, रेस देऊन त्याला काही फरक पडत नाही. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन लवकर तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. आणि पंखा बंद असेल तर थर्मोस्टॅट काढूनही जाममध्ये काटा चढणारच. पाणी थंड करणारं कुणी नाही ना.

घरच्या घरी बघा. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू, एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायला लागतो. फिरला का? मग एसी बंद करून इंजिन तापू द्या आणि काटा नेहमीच्या वर सरकेपर्यंत थांबा. तेव्हा पंखा लागला का? एसीवर फिरतो पण तापल्यावर नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. दोन्ही वेळा नाही, तर फ्यूज, रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच), पंख्याचं कनेक्टर, नाहीतर मोटर. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. पंख्याचा रिले काढून हॉर्नचा त्याच मापाचा असेल तर तो तिथे लावून बघा, फुकटात कळतं.

दोन गोष्टी सांभाळा. पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, ओढणी, केस, बोटं लांब. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. ते झाकण दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असेल तर आतलं पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळतं. दाब सोडलात की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. मी माणसं भाजलेली पाहिली आहेत.

खडखडीचं: बारीक खड्ड्यांवर खडखड म्हणजे नव्वद टक्के सस्पेन्शनचा लिंक रॉड, त्यातलं स्वस्तातलं काम. आधी तोच बदला, मग लोअर आर्मचे बुश बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट-कट असा आवाज आला तर मात्र तो ॲक्सलचा जॉइंट. चाकामागचं रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालंय का तेही बघून घ्या.

पार्ला_ईस्ट
वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी माझं एक घुसवते. गाडी झाडाखाली लावत असाल तर वायपरखालच्या जाळीत हात घाला. आमच्याकडे विलायती शिरीष आहे, त्याची पानं तिथे कुजून पाण्याची वाट बुजवतात. मग पाणी आत उतरतं, पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि पत्रा खालून गंजतो. दाराच्या खालच्या कडेलाही छिद्रं असतात, तीही काडीने मोकळी करायची.

शिवाय हल्ली सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या बहुतेक त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर रबरी पाइप बदलून घ्या, ते कडक होऊन चिरतात.

नवघर_रोड
काका, केलं बघा! एसी लावला, पंखा गप्प. तापू दिली, तरी गप्प. फ्यूज शाबूत, रिले बदलून पाहिला, काही नाही. मग भावाने मोबाइलचा टॉर्च मारून पंख्याचं कनेक्टर ओढून काढलं. पांढरं प्लास्टिक एका पिनपाशी तपकिरी होऊन वितळलंय आणि ती पिन हिरवी पडली आहे. बॅटरीवरून सरळ दोन वायरी लावल्या तर पंखा एकदम मस्त फिरला. म्हणजे मोटर चांगली ना?

गॅरेजवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणतो आता पूर्ण पंखा असेंब्लीच बदलावी लागते.

जुना_ऑइल
शाब्बास. असेंब्ली कशाला? पावसाचं पाणी उडून पिन गंजली, गंजल्यावर तिथे करंट अडायला लागला, अडला की ती जागा तापली आणि प्लास्टिक वितळलं. इतकंच. पण मोटरला एक परीक्षा द्यायला लावा. बॅटरीवरून सरळ जोडून पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून पातं हाताने फिरवा. हलकं फिरलं, करकर नाही, तर ठेवा. जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढते आणि नवीन कनेक्टरही असाच जाळेल. मग मोटर बदला.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्पेअरवाल्यांच्या रांगा आहेत, तुमच्या वाटेवरच. जळलेलं कनेक्टर सोबत न्या, नाव सांगून मागू नका, दाखवून घ्या. वायरसकट शेपटीवालं मागा, दोन्ही बाजूंचं, नर आणि मादी. वायर जुन्याइतकीच जाड हवी, बारीक चालणार नाही. जोड पिळून वर चिकटपट्टी मारू देऊ नका. सोल्डरचा डाग लावून त्यावर तापवून आकसणारी नळी चढव म्हणावं. गाडीतली वायर कापताना काळी पडलेली, कडक झालेली लांबी सगळी काढायची, आत तांबं लख्ख दिसेपर्यंत.

बोनेट उघडंच आहे तर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली फट पाइपच्या हलक्या धारेने धुवून घ्या. हायवेची धूळ, माती, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, काय काय निघतं तिथून. जोराचा फवारा नको, पातळ पत्र्या वाकतात. कूलंट कमी असेल तर बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार कूलंट.

मिसिंगचं रात्री बघा. अंधारात इंजिन चालू, प्लगच्या वायरींवर आणि कॉइलवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. वायर चिरलेली असेल तर निळ्या ठिणग्या उडताना दिसतील. हात लावायचा नाही, हजारो व्होल्ट असतात.

आणि मॅन्युअलमध्ये बघा, टायमिंगला (वाल्वची उघडझाप जुळवून ठेवायला) बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल आणि आजवर कधी बदललेला नसेल, तर लिंक रॉड थांबेल पण बेल्ट नाही. तो चालत्या गाडीत तुटला की वाल्व वाकू शकतात, तेव्हा ते अठरा हजारही पुरणार नाहीत. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप त्याच्या मागेच असतो, एकाच मजुरीत दोन्ही उरकून घ्या.

नवघर_रोड
मॅन्युअल बघितलं, बेल्टच आहे. बिलांच्या फाइलमध्ये बदलल्याची एकही नोंद नाही. शनिवारी आधी कुर्ला, मग बेल्ट. पंप नवीन घालताना तो कुठला घ्यायचा?

जुना_ऑइल
कंपनीचा असली मिळाला तर तोच. नाहीच मिळाला तर दुकानदाराला आतलं पातं दाखवायला सांगा. प्लास्टिकचं असेल तर धातूच्या पात्याचा मागा, आणि गॅस्केट पंपासोबत आहे ना ते बघूनच पैसे द्या.