फातोर्ड्याला अवे मॅच : शनिवारी साडेसातचा किक-ऑफ, रविवारी रात्री डोंबिवलीत परत. जमेल का?

निळा_डोंबिवलीकर

एफसी गोवा विरुद्ध आमची मुंबई सिटी, फुटबॉलची मॅच, गोव्याच्या घरच्या मैदानावर म्हणजे मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर, शनिवारी संध्याकाळी साडेसात. आम्ही सहा जण. सोबत एक ढोल, दोन झेंडे आणि बारा फुटी बॅनर.

सध्याचा बेत असा : शनिवारी पहाटेची वंदे भारत ठाण्याहून पकडायची आणि मॅच संपली की त्याच रात्री ट्रेन किंवा स्लीपर बसने परत, म्हणजे लॉजचा खर्च वाचतो. दोघांचं मत वेगळं आहे : गोव्यात जातोच आहोत तर कळंगुटला रूम घेऊ. एकाने मोपा विमानतळाचं विमान स्वस्त दिसतंय म्हणून नवीनच फाटा फोडलाय. यात कुठे अडेल? आणि पाहुण्यांच्या स्टँडची तिकिटं मिळाली नाहीत तर घरच्या स्टँडात बसावं का?

कोकणकन्या_प्रेमी

जाणं सोपं आहे, परतीचं आधी ठरवा. साडेसातची मॅच म्हणजे दोन हाफ, पंधरा मिनिटांचा ब्रेक आणि इंज्युरी टाइम धरून सव्वानऊ ते साडेनऊ. त्यानंतर पाहुण्या प्रेक्षकांना बऱ्याचदा घरची गर्दी ओसरेपर्यंत आत थांबवून ठेवतात. ढोल-बॅनर आवरून रस्त्यावर यायला दहा वाजले असं समजा. प्ले-ऑफची मॅच असेल तर एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टीचा तास वेगळा. परतीची कोकणकन्या एक्स्प्रेस तोवर कधीच गेलेली असते, कारण ती मडगावहून संध्याकाळीच सुटते. मुंबईच्या बहुतेक स्लीपर बसही संध्याकाळीच निघतात. तेव्हा लॉज लागणारच. तो वाचवायचा तर जाताना वाचवा.

शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघा. ती ठाण्याला थांबते आणि शनिवारी सकाळी मडगावला सोडते. रात्रीची झोप गाडीत होते आणि गाडी तीन तास रखडली तरी मॅच चुकत नाही. वंदे भारत सीएसएमटीहून ५.२५ला सुटून १३.१०ला मडगावला पोचते. वेळेच्या दृष्टीने तीही चालेल, पण पहाटेची लोकल, ढोल आणि सहा जणांपैकी एक हमखास उशिरा येणारा, हे गणित मला पटत नाही.

रविवारी परतीसाठी वंदे भारतच उत्तम. मडगावहून १४.४०, सीएसएमटी २२.२५. तुम्ही ठाण्यालाच उतरा. ती शुक्रवारी धावत नाही, रविवारी धावते. हे झालं बिगरपावसाळी वेळापत्रकाचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आधी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. त्या काळात वेग कमी ठेवतात आणि वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस असते : मुंबईहून सोम-बुध-शुक्र, मडगावहून मंगळ-गुरु-शनि. म्हणजे तुमच्या शनिवारी आणि रविवारी नेमकी नाही. मोसमाच्या सुरुवातीची मॅच असेल तर तारीख या चौकटीत पडते का, ते पहिलं बघा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रविवारची परत सगळ्यात आधी भरते, म्हणून फिक्स्चर जाहीर झालं की त्याच दिवशी बसा. एका पीएनआरवर सहा जण बसतात, तुमचं काम एका तिकिटात होतं. तत्काळवर गेलात तर एका पीएनआरवर चौघेच, म्हणजे चार आणि दोन अशी फाटाफूट. शिवाय रविवारच्या गाडीचं एसी तत्काळ शनिवारी सकाळी दहाला उघडणार, नॉन-एसी अकराला. तेव्हा गाडी रखडली असेल तर तुम्ही अजून गाडीतच असाल आणि बोगद्यांत रेंजचा भरवसा नाही. ते काम घरी बसलेल्या कुणाला तरी द्या. त्याच्या आयआरसीटीसी खात्याला आधार जोडलेलं हवं. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. ‘चढू, पुढे टीसीला बघू’ हा प्रकार धरून चालू नका.

वंदे भारत नाही मिळाली तर पर्याय दोन. रविवारी सकाळची मांडवी एक्स्प्रेस रात्री मुंबईत पोचवते. किंवा संध्याकाळची कोकणकन्या सोमवारी पहाटे. दुसरीत ऑफिस गाठता येतं, पण डोळे उघडे राहतील याची हमी नाही.

मडगांवकार

कळंगुटचं डोक्यातून काढा, पात्रांव. फातोर्डा दक्षिण गोव्यात, कळंगुट उत्तरेत, मधे पन्नासेक किलोमीटर. मडगावहून पणजीच्या खाजगी बसेस रात्री लवकर बंद होतात. ओला-उबर इथे नाही. गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, पण मॅच सुटताना हजारो माणसं एकदमच गाडी शोधत असतात. टॅक्सी मिळालीच तर तिचं भाडं रूमच्या भाड्याशी स्पर्धा करेल. मडगावातच राहा, आणि तेसुद्धा कदंब बसस्टँडच्या बाजूला. तिथून स्टेडियम चालत पंधरा-वीस मिनिटं. समुद्र पाहिजेच असेल तर रविवारी सकाळी कोलवा करा, सहा-सात किलोमीटरवर आहे.

रेल्वे स्टेशन स्टेडियमपासून तीन-चार किलोमीटर. एकेकटे जाणार असाल तर पायलट घ्या, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. बसण्याआधी भाडं ठरवा. ढोल घेऊन पायलटवर बसता येत नाही, त्याला रिक्षा. सकाळी पोचल्यावर लॉजवाले दुपारी बारापर्यंत रूम देत नाहीत. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं, उघडी बॅग घेत नाहीत. सोबत रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं.

विमानाचं : गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी मडगावपासून पंचवीसेक किलोमीटर. मोपा, जो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तो पार पेडण्यात, साठ-सत्तर किलोमीटर. तिकिटावर दोन्ही ‘गोवा’च दिसतात. कोड वाचा : दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. मोपाला वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

जेवण मॅचनंतर शोधू नका. अकराच्या सुमारास बरीच किचनं बंद होतात. तेव्हा गाड्यावरचं रॉस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, हाच आधार, आणि तो वाईट नाही.

टिपरू_आणि_टोल

तिकीट आणि ढोल या दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. मुंबई सिटीचा समर्थक गट वेस्ट कोस्ट ब्रिगेड, त्यांना आधी कळवा. पाहुण्यांचा भाग कुठला, किती जागा, ढोलाला परवानगी आहे का, हे यजमान क्लब आणि पोलीस ठरवतात. एकेकट्याने मेल करण्यापेक्षा गटाच्या यादीत नाव असलेलं बरं. मेलमध्ये बॅनरचा फोटो, लांबी-रुंदी, मजकूर, ढोलांची संख्या आणि सोबत असणाऱ्या एकाचा फोन नंबर द्या. उत्तराची प्रिंट खिशात ठेवा. गेटवरच्या शिपायाला मोबाइलवरचा मेल दाखवत बसलात की रांग तुमच्यावर ओरडते.

ढोलाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, चामड्याचं असेल तर फातोर्ड्याच्या दमट हवेत संध्याकाळी सैल पडतं, आवाज बसतो. फायबरचं पान लावा. टिपरू आणि टोल, म्हणजे ढोल वाजवायच्या काठ्या, लाकडी असतात, त्यावरून गेटवर अडवू शकतात. म्हणून एकच जोडी न्या आणि मेलमध्ये तिचाही उल्लेख करा. झेंड्याला बांबू किंवा लोखंडी नळी नको. पोकळ, हलकी पीव्हीसी नळी कधी चालते, कधी तीही बाहेर ठेवायला लावतात. म्हणून झेंड्याला कोपऱ्यांत नाड्या शिवून ठेवा, हातात धरूनही फडकवता येतो.

बॅनर फ्लेक्सचा करू नका. जड होतो, वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि घडी घातली की चिरतो. झेंड्याच्या कापडावर रंगवा, वरच्या कडेला दर दोन फुटांवर रिंग ठोका. बांधायला प्लॅस्टिकचे टाय नेतात लोक. ते काढायला ब्लेड लागतं आणि ब्लेड आत नेता येत नाही. मॅच संपल्यावर दाताने टाय तोडायची वेळ येते. कापडी पट्ट्या न्या, सुटी गाठ मारा. जाहिरातीचे बोर्ड, जिना आणि बाहेर पडायचं गेट झाकलं जाणार नाही अशी जागा धरा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत उतरवायला लावतील.

बाटली, लायटर, नाणी, पॉवरबँक, हेल्मेट, मोठी सॅक लॉजवर ठेवा. बाहेर सांभाळायची सोय असेल असं गृहीत धरू नका.

घरच्या स्टँडबद्दल माझं मत स्पष्ट आहे : मुंबईची निळी जर्सी घालून नको. मारामारी होईल असं नाही, गोवेकर टोमण्यांवर भागवतात. पण गोल झाल्यावर उडी मारलीत की सुरक्षारक्षक तुम्हाला उठवून दुसरीकडे नेणार आणि तुमचे सहा जण विखुरणार. साधा शर्ट घालून गप्प बसायची तयारी असेल तरच.

आणि शेवटपर्यंत बसा. २४ एप्रिल २०२४च्या सेमीफायनलमध्ये इथेच नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे होता, आणि मुंबई ३-२ने जिंकली.

मडगांवकार

गोव्याने मुंबईला हरवलेलं २०१५चं ७-० पण इथेच झालं होतं. तेही सांगायचं ना.

निळा_डोंबिवलीकर

कळंगुट आणि मोपा दोन्ही रद्द. शुक्रवारची कोकणकन्या, रविवारची वंदे भारत. सावंतवाडीचा एक मित्र कारने थेट येणार आहे, त्याच्यासाठी काही? आणि येताना दोन बाटल्या आणायच्या का, असा प्रश्न ग्रुपवर आलाय.

कोकणकन्या_प्रेमी

सावंतवाडीहून शंभरेक किलोमीटर धरा. पणजीला मांडवी नदीवर अटल सेतू, पुढे झुआरीचा नवा पूल. कारला अडचण नाही, दुचाकीवर येणार असेल तर अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, खालचा पूल घ्यावा लागेल. गाडी लॉजवरच लावून स्टेडियमला चालत जावं. स्टेडियमच्या दारात लावलेली गाडी मॅचनंतर अर्धा तास हलत नाही.

बाटल्या नकोत. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात. ट्रेनमध्ये चेकिंग कमी होतं म्हणून नियम बदलत नाही, आणि तुमच्याकडे तर ढोल आहे, सगळ्यात आधी तोच उघडायला सांगतील.